पंगतीबाहेरचे पुलमन

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत शनिवार हा कॉलेजच्या फुटबॉलचा वार. शुक्रवारची संध्याकाळ शाळांच्या संघांची, रविवार व्यावसायिक संघांचा आणि मधला शनिवार कॉलेजांचा, अशी तिथे वाटणीच झालेली आहे. हा फुटबॉल आपला, पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. चेंडू छातीशी धरून पळणारा एक गडी आणि त्याला आडवा पाडायला टपलेले समोरचे अकरा. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा खेळ अर्ध्या तासात समजू लागतो, असा माझा अनुभव आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. आणि खेळणारे सगळे विद्यार्थी, निदान कागदोपत्री.

मृदाशास्त्राच्या संशोधनासाठी मी १९९५ ते २००० अशी पाच वर्षे पुलमन या गावी होते. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला हे गाव आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे, ते दुसऱ्या किनाऱ्याला.) लोकसंख्या आजही तेहेतीस हजारांच्या घरात, त्यातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी. चहूकडे गव्हाच्या आणि मसुराच्या शेतांच्या टेकड्या, लाटांसारख्या. या मुलखाचे नाव इंग्रजीत कसेही लिहिले तरी उच्चार मात्र थेट ‘पलूस’. सांगलीकडच्या पलूसशी त्याचा काही संबंध नाही, पण पहिल्या दिवशी ते नाव ऐकून मला उगीचच धीर आला होता. तिथली मसूर दूरवर जाते. दरवर्षी ऑगस्टमध्ये गावात मसुराची जत्राही भरते.

या गावात वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, आणि तिच्या मैदानाची क्षमता साधारण तेहेतीस हजार. म्हणजे सबंध गाव मैदानात मावेल! सामन्याच्या शनिवारी तसेच काहीसे होई. तीनशे मैलांवरच्या सिअ‍ॅटलहून माणसे मोटारी घेऊन येत, परसदारी भाड्याने गाड्या लावू देणाऱ्या आजीबाईंची वर्षाची औषधे त्यात निघत, खानावळवाल्यांचा वर्षाचा हिशेब सहा-सात शनिवारांवर बसे. नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या संघाने सिअ‍ॅटलच्या बड्या विद्यापीठाला त्यांच्याच मैदानात ४१-३५ असे हरवले आणि सदुसष्ट वर्षांनी ‘रोझ बोल’ या मानाच्या सामन्याचा मान मिळवला. आमच्या प्रयोगशाळेतले वृद्ध प्राध्यापक, जे एरवी मातीच्या नमुन्यांपलीकडे कशावर बोलत नसत, ते त्या सोमवारी वर्गात लाल टोपी घालून आले. मिशिगनविरुद्धचा तो रोझ बोल आमचा संघ २१-१६ असा हरला. त्याचे कुणाला फार वाटले नाही. आपण त्या मैदानावर गेलो, हे मोठे होते.

ते जाणे शक्य झाले एका गोष्टीमुळे, आणि तीच आजच्या बोलण्याचा विषय आहे. तिला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. भाषणे आणि चहापाणी असते ती नव्हे. इथे कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचे मंडळ. आठ-दहा शेजारची विद्यापीठे एकत्र येऊन ठरवतात, की आपण दरवर्षी एकमेकांशी खेळू, नियम एक ठेवू आणि येणारा पैसा वाटून घेऊ. आमचे मंडळ पॅसिफिक किनाऱ्यावरचे. १९१५ साली चार विद्यापीठांनी ते काढले, १९१७ मध्ये वॉशिंग्टन स्टेट त्यात आले. मधे भांडणे झाली, मोडले, पुन्हा जोडले, सभासद वाढले तसे नाव बदलले: पॅक-८, पॅक-१०, शेवटी २०११ पासून पॅक-१२. त्यात लॉस एंजेलिसची दोन बलाढ्य विद्यापीठे होती, बर्कली आणि स्टॅनफर्ड होते, आणि त्याच पंक्तीत पुलमन आणि ओरेगनमधले कोरव्हॅलिस ही दोन शेतकी गावेही होती. पंगतीला पान सर्वांना. लॉस एंजेलिसच्या संघाला दर एका वर्षाआड का होईना, विमानाने, मग बसने, गव्हाच्या टेकड्यांतून पुलमनला यावे लागे.

आपल्याकडे कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनमधला संघ जिंकत राहिला तर वर चढतो, वरचा हरत राहिला तर खाली उतरतो. अमेरिकेत तसे नाही. तिथे मंडळात शिरायला आमंत्रण लागते, आणि ते आमंत्रण गुणतक्ता पाहून येत नाही. एकदा आत असलात की कितीही हरा, वाटा ठरलेला. बाहेर असलात की कितीही जिंका, दार वाजवत बसा. कॉलेज फुटबॉलमधल्या समतोलाबद्दल तिथे फार बोलले जाते; दुबळ्याला बलवानाशी दोन हात करता आले पाहिजेत, एकाच संघाने वर्षानुवर्षे लूट करू नये, वगैरे. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा समतोल मैदानावर ठरत नाही. तो ठरतो पंगतीत कुणाचे पान मांडले यावर, आणि पान मांडणारा यजमान गेली चाळीस वर्षे दूरचित्रवाणी आहे.

याची सुरुवात एका खटल्यात आहे. १९८४ पर्यंत कॉलेजचे कोणते सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ही देशभराची क्रीडासंस्था ठरवी. कुठल्याही संघाचे दोन वर्षांत सहाहून अधिक सामने दाखवायचे नाहीत, अशी मर्यादा होती. संस्थेचे म्हणणे, की सर्वांना थोडेथोडे दिसू द्या, नाहीतर चारच संघ सगळे प्रेक्षक, सगळा पैसा आणि सगळी चांगली पोरे ओढून नेतील. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांना हे मान्य नव्हते. आमचे सामने आम्ही विकू, असे ते म्हणाले. जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. समतोल राखणे हा हेतू चांगला, पण टीव्हीवरच्या या मर्यादेने तो साधतो असे दिसत नाही आणि बाजारात अडवणूक मात्र होते, असा निकालाचा रोख होता. विरोधी निकालपत्र लिहिले बायरन व्हाइट यांनी. हे न्यायमूर्ती स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. त्यांना खेळ आतून माहीत होता, आणि विद्यापीठाचा खेळ हा निव्वळ धंदा समजून त्याला बाजाराचे नियम लावू नयेत, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. कायदा म्हणून बहुमताचे म्हणणे कदाचित बरोबर असेल. पण पुढे काय होणार हे व्हाइट यांना अधिक दिसले होते, असे मला वाटते.

आधी सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आला, मग एकट्याने विकण्यापेक्षा मंडळाने मिळून विकले तर भाव जास्त येतो हे कळले, आणि मग ज्या मंडळात नावाजलेले संघ जास्त त्याला भाव जास्त हे ओघाने आलेच. तेव्हापासून मंडळे एकमेकांचे सभासद पळवू लागली. पूर्वी शेजार हा मंडळाचा पाया होता. आता शेजाऱ्याच्या घरात टीव्ही किती, हा झाला.

बाहेर राहिलेल्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. १९९८ पासून राष्ट्रीय विजेता ठरवायची नवी पद्धत आली, तिच्यात सहा मंडळांच्या विजेत्यांना मोठ्या सामन्यांत राखीव जागा. बाकीच्यांनी नशीब काढावे. जानेवारी २००७ मध्ये आयडाहोच्या बॉइसी स्टेट या बाहेरच्या संघाने बलाढ्य ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवले. चेंडू फेकल्याचे सोंग करून पाठीमागून दुसऱ्याच्या हातात द्यायचा, अशी हुलकावणी शेवटच्या चालीला! तो सामना अजून लोक काढून काढून पाहतात. बॉइसी त्या हंगामात एकही सामना हरली नव्हती, तरी राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत तिला जागा नव्हती. दोन वर्षांनी युटाने तेच केले, अलाबामाला ३१-१७ असे नमवले, सर्व सामने जिंकले आणि विजेतेपद दुसऱ्यालाच गेले. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००९ मध्ये सिनेटमध्ये सुनावणी लावली, मक्तेदारीविरोधी कायद्याची भाषा झाली. पुढच्याच वर्षी पॅसिफिकच्या मंडळाने युटाला आमंत्रण दिले. टेक्सास ख्रिश्चन या दुसऱ्या तक्रारदारालाही २०१२ पर्यंत एका मोठ्या मंडळात पान मिळाले. पान मिळाले आणि तक्रार निवाली. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. भुकेलेला माणूस पंगतीत बसल्यावर जेवतो, दारातल्यांसाठी भांडायला उठत नाही.

आता आमच्या पॅक-१२ चे काय झाले ते सांगते. २०११ मध्ये या मंडळाने बारा वर्षांसाठी सुमारे ३०० कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तो देशातला सर्वांत घसघशीत होता. सोबत स्वतःची वाहिनी काढली, ती पुरती आपल्याच मालकीची ठेवली, आणि एका मोठ्या उपग्रह कंपनीशी शेवटपर्यंत सौदा जमला नाही म्हणून ती वाहिनी लाखो घरांत पोचलीच नाही. दरम्यान बिग टेन आणि दक्षिणेची एसईसी ही दोन मंडळे पुढे निघून गेली. ३० जून २०२२ रोजी बातमी आली, की लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठे, यूएससी आणि यूसीएलए, २०२४ पासून बिग टेनमध्ये जाणार. बिग टेन हे मध्यपश्चिमेचे मंडळ, १८९६ पासूनचे. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा. घड्याळ कुणाचे चालले होते ते लक्षात येते.

उरलेल्या दहा जणांनी वर्षभर नव्या कराराची वाट पाहिली. मंडळाच्या नेत्यांनी भाव ताणून धरला. तेवढ्यात टेक्सास-कॅन्ससकडच्या बिग ट्वेल्व्हने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपला करार उरकून घेतला, सहा वर्षांसाठी २२८ कोटींचा. वाहिन्यांच्या तिजोरीत मग पॅक-१२ साठी फारसे उरले नाही. शेवटी हाती आला तो अ‍ॅपल कंपनीचा प्रस्ताव: सामने त्यांच्या इंटरनेटवरच्या सेवेवर दिसतील आणि किती जण वर्गणी भरतात त्यावर पैसे वाढतील. जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो उठून गेले. ४ ऑगस्टच्या सकाळी सह्या होतील अशी अपेक्षा होती. दिवस मावळायच्या आत वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोनाची दोन्ही विद्यापीठे आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेली होती. हो, तेच युटा. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत गेले. एसीसी म्हणजे ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची दोन विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात! दहाचे नाव लावणाऱ्या बिग टेनमध्ये आज अठरा विद्यापीठे आहेत, बारा म्हणवणाऱ्यात सोळा. आकड्यांचे शिक्षण देणाऱ्या या संस्था आहेत.

मागे राहिले दोघे: पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट आणि कोरव्हॅलिसचे ओरेगन स्टेट. ते हरत होते म्हणून नव्हे. दोन्ही संघ तेव्हा चांगले होते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पुलमनला त्यांची गाठ पडली तेव्हा दोघेही एकही सामना न हरलेले होते. वॉशिंग्टन स्टेटने ३८-३५ असा तो जिंकला. गावे लहान, टीव्हीच्या बाजारपेठा लहान, एवढेच त्यांचे उणे. आणि गंमत म्हणा की शोकांतिका, तो शेवटचा हंगाम मंडळाचा कित्येक वर्षांतला सर्वोत्तम होता. वॉशिंग्टन विद्यापीठ थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेले.

जाणाऱ्यांनाही सगळे सुखाचे मिळाले नाही. स्टॅनफर्ड आणि बर्कलीने पहिली सात वर्षे एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला साधारण तीस टक्केच वाटा कबूल केला. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षे टीव्हीचा पैसाच नको असे सांगितले, पण आत घ्या! यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन अंगे. धाकटे निघून गेल्याने थोरल्याचे नुकसान झाले म्हणून २०२४ मध्ये विद्यापीठाच्या नियामकांनी यूसीएलएला बर्कलीकडे वर्षाला एक कोटी डॉलर भरायला सांगितले. पोटगीच ती. आणि या सगळ्यात फुटबॉल न खेळणारी मुले-मुली आहेतच. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा, खास विमानाने जातो. व्हॉलीबॉलच्या, सॉफ्टबॉलच्या मुली मधल्या वारी परीक्षेची पुस्तके घेऊन प्रवास करतात, आणि सिअ‍ॅटलहून न्यू जर्सी हे अंतर जवळजवळ ३,९०० किलोमीटर आहे. तीन तासांचा फरक घड्याळात.

पुलमनने कोर्टाची पायरी चढली. खटला उभा राहिला कोलफॅक्स या तालुक्याच्या गावासारख्या ठिकाणच्या न्यायालयात. जाणाऱ्या दहा जणांना मंडळाच्या तिजोरीवर मत देण्याचा हक्क आहे की नाही, हा मुद्दा. न्यायालयाने राहिलेल्या दोघांच्या बाजूने कौल दिला, डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. एकशे आठ वर्षांचे मंडळ दोघांच्या नावावर झाले. वाडा मिळाला, भाडेकरू गेले.

पैशाचा हिशेब सांगायचा तर, मोडण्यापूर्वी पॅक-१२ प्रत्येक सभासदाला वर्षाला तीन कोटी डॉलरहून अधिक देत होते. बिग टेनचा आकडा तेव्हाच सहा कोटींच्या आसपास होता. पुलमनचे ते तीन कोटी आटले. त्याच सुमारास आणखी दोन दारे उघडली. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि एका विद्यापीठातून दुसरीकडे जाताना वर्षभर बाहेर बसण्याची जुनी अटही गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूंना पैसे मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. ज्यांच्या गुडघ्यांवर एक लाख माणसे बसलेली असत, त्यांना निव्वळ शिष्यवृत्तीवर राबवणे हा लबाडीचा धंदा होता. पण कमाल मर्यादा सर्वांना सारखी असली तरी ती गाठण्याची ऐपत सारखी नसते.

पुलमनहून कोण कोण गेले पाहा. कॅम वॉर्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार, २०२३ नंतर मायामीला गेला आणि २०२५ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत सबंध देशात पहिला निवडला गेला. त्याच्या जागी तयार झालेला जॉन मटीर एकाच हंगामानंतर ओक्लाहोमाला गेला. त्याच महिन्यात मुख्य प्रशिक्षक वेक फॉरेस्टला गेले. त्यांच्या जागी साउथ डकोटा स्टेटहून आलेले प्रशिक्षकही एक हंगाम काढून २०२५ च्या अखेरीस आयोवा स्टेटला गेले. पुलमनही काही सोवळे नाही; वॉर्डला त्यांनी सॅन अँटोनिओच्या एका छोट्या कॉलेजातून आणले होते. ओढा पूर्वीही होता, पण पूर्वी रोपाला दोन-चार वर्षे मूळ धरू देत. आता पुलमन ही रोपवाटिका झाली आहे. झाड दुसऱ्याच्या अंगणात.

सिअ‍ॅटल आणि पुलमन यांची जुनी चुरस, ‘अ‍ॅपल कप’, टिकून आहे. २०२४ मध्ये पुलमनने ती २४-१९ अशी जिंकली तेव्हा माझ्या जुन्या घरमालकीणबाईंनी मला फोन केला होता, इकडे पहाटेचे वाजलेले असताना. पुढच्या वर्षी त्याच सामन्याचा निकाल लागला ५९-२४, उलट बाजूने आणि पुलमनच्याच मैदानात. एका निकालावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. तरी एक वर्ष उसन्या अवसानावर निघते, दुसरे निघत नाही, हे शेतकऱ्यांच्या गावाला समजावून सांगावे लागत नाही.

समतोल वाढला आहे, असे सांगणारेही आहेत, आणि त्यांच्याजवळ भक्कम पुरावा आहे. त्याचे नाव इंडियाना. बिग टेनमधला हा संघ १८९९ पासूनचा सभासद, आणि सामने हरण्याच्या इतिहासात देशातल्या अगदी वरच्या नावांपैकी एक. २०२३ मध्ये बारांपैकी नऊ सामने हरलेला. मग कर्ट सिग्नेटी नावाचे प्रशिक्षक आले, आणि २०२५ च्या हंगामात इंडियानाने सोळाच्या सोळा सामने जिंकले. जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ असे हरवून पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. रोझ बोलमध्ये अलाबामाला त्यांनी ३८-३ असे धुतले. मीसुद्धा तो सामना पाहताना खुर्चीच्या कडेला आले होते. आता शेवटची स्पर्धा बारा संघांची असते, खेळाडू मोकळेपणाने फिरतात, म्हणून कुणीही वर येऊ शकतो, असे लोक म्हणू लागले.

कुणीही? इंडियाना सव्वाशे वर्षे हरत होती, पण पंगतीत बसून हरत होती. तिला ओहायो स्टेटइतकाच वाटा मिळत होता. सिग्नेटी आले कुठून? व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन या बाहेरच्या विद्यापीठातून, आणि येताना तिथले डझनभर खेळाडू घेऊन आले. तेच जेम्स मॅडिसन २०२५ मध्ये दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पुन्हा वर आले, न्यू ऑर्लिन्सच्या टुलेनबरोबर बारांच्या स्पर्धेत शिरले. दोघेही पहिल्याच फेरीत हरले, एक ओरेगनकडून ५१-३४, दुसरा ओल मिसकडून ४१-१०. ते सामने खेळण्याआधीच दोघांच्याही प्रशिक्षकांनी मोठ्या मंडळांतल्या नोकऱ्या स्वीकारलेल्या होत्या: एकाने यूसीएलएची, दुसऱ्याने फ्लोरिडाची. आणि मग वाहिन्यांवरचे जाणकार म्हणाले, असले संघ या स्पर्धेत घेऊच नयेत, सामने एकतर्फी होतात! भिंतीच्या आतला समतोल खरोखरच वाढला आहे. भिंतही वाढली आहे. २०२६ पासूनच्या या स्पर्धेच्या टीव्ही करारात वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर आहेत, आणि बाहेर आलेल्या हिशेबानुसार त्यातले ५८ टक्के बिग टेन आणि एसईसी या दोनच मंडळांना जातात. छोट्या मंडळांच्या वाट्याला सगळ्यांत मिळून नऊ टक्के.

लहान गावांकडे कोण पाहतो, हा प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तर देता येते. ईएसपीएन वाहिनीचा शनिवार सकाळचा एक कार्यक्रम आहे, दर आठवड्याला वेगळ्या गावातून होणारा. २००३ पासून त्याच्या प्रत्येक प्रक्षेपणात मागच्या गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी झेंडा फडकताना दिसतो. सामना अलाबामाचा असो की मिशिगनचा, पुलमनचा कुणीतरी माजी विद्यार्थी तो झेंडा घेऊन तिथे हजर. एकमेकांना टपालाने झेंडे पाठवून हा क्रम त्यांनी चालू ठेवला आहे. कार्यक्रम स्वतः पुलमनला पोचायला २०१८ उजाडले. ज्या वाहिन्यांच्या पडद्यावर हा झेंडा एवढी वर्षे फुकट दिसतो, त्यांच्याच हिशेबात या गावाला प्रेक्षक नाहीत.

आणखी एक गोष्ट फुटबॉलच्या बाहेरची. हेन्री रोनो हा केनियाचा धावपटू वॉशिंग्टन स्टेटचा विद्यार्थी होता. १९७८ मध्ये त्याने तीन महिन्यांच्या आत चार जागतिक विक्रम केले. मी तिथे असताना मैदानावर सकाळी पळायला येणारी पोरे त्याचे नाव मारुतीचे घ्यावे तसे घेत. त्या विद्यापीठाने जून २०२५ मध्ये पैशाअभावी मैदानी स्पर्धांतल्या उड्या आणि फेकी बंद केल्या, छोट्या अंतराच्या शर्यतींनाही कात्री लावली. लांब पल्ल्याचे धावणे तेवढे ठेवले आहे. भालाफेक शिकायला आलेल्या मुलीला बिग टेनचा करार काय आणि अ‍ॅपलचा प्रस्ताव काय! पण चिठ्ठी तिच्या नावाने निघाली.

आता जुन्या वाड्यात नवे बिऱ्हाड भरले आहे. दोघांनी मिळून २०२६ पासून पॅक-१२ पुन्हा उभे करायचे ठरवले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या माउंटन वेस्ट मंडळातून बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि पाठोपाठ युटा स्टेट अशी पाच विद्यापीठे उचलली. पुढे टेक्सास स्टेटही आले. हे तेच माउंटन वेस्ट, ज्याने २०२४ मध्ये या दोन अनाथ संघांना खेळायला सामने दिले होते. आमचे सभासद नेलेत तर दंड भरावा लागेल, असे कलम त्या करारात होते. दंडाची रक्कम साडेपाच कोटींवर गेली तशी पॅक-१२ ने ते कलमच बेकायदा आहे म्हणून दावा लावला. मी हे घरमालकीणबाईंना विचारले. ‘मग आम्ही काय करायचे होते?’ असे त्या म्हणाल्या, आणि याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माउंटन वेस्टमध्ये मागे राहिलेल्यांत वायोमिंग विद्यापीठ आहे. लॅरमी हे त्याचे गाव, समुद्रसपाटीपासून ७,२२० फुटांवर मैदान, वारा असा की फेकलेला चेंडू परत येईल. लोकसंख्या एकतीस-बत्तीस हजार, म्हणजे पुलमनपेक्षा किंचित कमीच.